माझ्या हातचं दूध

डेन्मार्क कसं आहे, असं मला आर्वीपासून नागपूरपर्यंत ज्याने त्याने विचारलं. मी सांगतो, ओलं आहे. उन्हाळ्यातही ओलं. जरा ऊन पडलं की तिथली माणसं हातातलं काम टाकून भिंतीला पाठ लावतात आणि तोंड वर करून उभी राहतात. आपण इकडे सावली शोधत हिंडतो. एवढं सांगून मी गप्प बसतो, कारण पुढे बोलायला लागलो की गोष्ट डेन्मार्कची राहत नाही, कारंज्याची होते.

पण कॉलेजातल्या मित्रांनी धोशाच लावला. म्हणाले, लेका, आमच्यातल्या एकानेही समुद्र पाहिलेला नाही, तू ओलांडून आलास, लिहून तरी काढ. म्हणून लिहितो आहे. ज्याला नुसती मौज हवी असेल त्याने मधला भाग वाचावा आणि कारंजा आलं की खुशाल उतरून जावं. मी रागावणार नाही.

रोहणा

आर्वी तालुक्यातलं रोहणा हे माझं गाव. आमचा मोहल्ला नाल्याच्या पलीकडे. हा सगळा मुलूख गवळाऊ गाईंचा: पांढऱ्याशुभ्र, लांब तोंडाच्या, हरणासारख्या चपळ. त्यांचे बैल शर्यतीत पळतात आणि दूध थोडं पण गोड असतं, असं पुस्तकात लिहिलेलं आहे. गोड असतं हे मलाही पुस्तकातूनच कळलं.

आमच्या घरी गाय नव्हती. गाईशी संबंध मात्र पिढ्यान् पिढ्यांचा. गाय जिवंत असेपर्यंत गावाची, मेली की आमची. गावातून बोलावणं आलं की बाप दोर खांद्यावर टाकून जायचा आणि मेलेलं जनावर ओढत गावाबाहेर न्यायचा. गाईचं कातडं, हाडं, शिंगं, आतडी, सगळं बापाला ठाऊक होतं. दूध तेवढं ठाऊक नव्हतं.

असल्या बापाच्या पोराने नागपूरला शेतकी कॉलेजात जाऊन दुग्धशास्त्र घेतलं. प्राध्यापक हसले नाहीत, वर्गातली पोरं हसली. कॉलेजच्या गोठ्यात धारा काढायला नोकर होते. ते काढायचे, आम्ही लांब उभं राहून वहीत उतरवायचो. मी परीक्षेत पहिला आलो, पण सडाला हात लावलेला नव्हता. पुढे सरकारची शिष्यवृत्ती मिळाली. आधी कोपनहेगनला विद्यापीठात शिकायचं, मग एका शेतकऱ्याच्या घरी राहून हाताने काम करायचं, आणि परत आल्यावर आपल्याच जिल्ह्यात एक हंगाम दूधकेंद्र चालवून दाखवायचं. केंद्र चाललं तर ते कायम होणार, मलाही तिथंच नेमणूक मिळणार. नाही चाललं तर सगळ्यावर पाणी.

बाप तोवर वारला होता. माय एकटीच पुलगावला पोचवायला आली होती. फलाटावर बसल्या बसल्या तिला एकच कोडं पडलेलं.

"गाईचं शिकाले एवढ्या दूर काऊन जातं बापा? गाई त इथंच हायेत."

"इथल्या गाईले हात लावू देत नाईत ना माय."

ती मग म्हणाली, "मंग शिकूनच येजो. अन् आल्यावर मले तुह्या हातचं एक गिलास दूध पाजजो. म्या त चहातलंच पाह्यलं आजवर."

मी हो म्हटलं. एक गिलास दूध! मला वाटलं, ही काय मोठी गोष्ट आहे.

बोट

बोटीचं फार सांगत नाही. एडनपर्यंत मी आडवा होतो, सुएझला उठून बसलो, आणि नंतर इतकी भूक लागली की बटाट्यांची सालंसुद्धा सोडली नाहीत. एक गोष्ट मात्र लक्षात राहिली. पहिल्या दिवशी जेवणाच्या खोलीत मी सवयीने दाराजवळची कडेची खुर्ची धरली. वाढणारा आला आणि म्हणाला, इथं वारा लागेल, मध्ये बसा. मला वाटलं, मला दुसराच कोणी समजून बोलतो आहे. मी उठलो नाही. दुसऱ्या दिवशी त्याने माझं ताटच उचलून मध्ये नेऊन ठेवलं, तेव्हा जावंच लागलं.

युटलंड

कोपनहेगनची व्याख्यानं मला आठवतात, पण ती कुठल्याही पुस्तकात सापडतील. मी शिकलो ते युटलंडात, म्हणजे डेन्मार्कच्या पश्चिमेकडच्या शेतीच्या मुलखात, येन्स आणि मारेन या म्हाताऱ्या जोडप्याच्या घरी. मधे अंगण, त्याच्या एका बाजूला घर, उरलेल्या तिन्ही बाजूंना गोठा आणि कोठारं. माणसाची भिंत आणि गाईची भिंत एकच. हिवाळ्यात झोपल्या झोपल्या पलीकडून रवंथ ऐकू यायचं. येन्स उंच, हाडकुळा आणि कमी बोलणारा. मारेन त्याचं उरलेलं सगळं बोलून टाकायची.

जेवणाचं विचारू नका. काळा आंबूस पाव, उकडलेले बटाटे, गार मासा, पुन्हा बटाटे. तिखट म्हणून त्या देशात नाही. मायने दिलेली तेलातल्या तिखटाची बाटली मी जपून ठेवली होती. ती मारेनने एकदा फडताळात पाहिली आणि लाल रंग पाहून हा हिंदुस्थानचा मुरंबा असेल असं समजून त्यातलं तिखट पावाला चांगलं जाड थापलं. पुढचा अर्धा तास ती अंगणातल्या पंपाखाली जीभ धरून उभी होती. येन्स आयुष्यात पहिल्यांदा खदखदून हसला, असं तिनेच नंतर सांगितलं. त्यांच्यात जेवून उठताना घरच्या बाईला आभार म्हणायची रीत आहे. आभाराला ते 'ताक' म्हणतात. दूध शिकायला गेलेल्या माणसाला दर जेवणानंतर ताक म्हणावं लागे. हे मायला सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली.

पहिल्या धारेचा दिवस सांगतो. त्यांच्याकडे यंत्र होतं, पण येन्सचं म्हणणं, यंत्र नंतर, आधी हात. त्याने मला लाकडी जोडे दिले, तिपाई दिली आणि एका मोठ्या लाल गाईपाशी नेऊन बसवलं. म्हणाला, ही सगळ्यात शहाणी आहे. मी बसलो. गाईचं अंग किती गरम असतं हे मला माहीत नव्हतं. बापाने आणलेल्या गाई नेहमी गार असायच्या. मी हात मागे घेऊन काखेत दाबले. येन्सला वाटलं, पोराला थंडी वाजते. त्याने मागून येऊन माझे हात आपल्या हातात धरले आणि दाखवलं: ओढायचं नाही, वरून खाली मुठीने पिळायचं, एक एक बोट मिटत जायचं. मी तसं केलं. शहाण्या गाईने मला एक लाथ घातली आणि मी तिपाईसकट शेणाच्या नालीत. डोक्यापासून पायापर्यंत भरलो. मारेन धावत आली, माझा डगला काढून स्वतः धुवायला घेतला आणि म्हणाली, आता पुन्हा बस, नाहीतर ती समजेल तू घाबरलास.

पुन्हा बसलो. बादलीच्या तळाला पहिली धार वाजली. तो आवाज मी अजून विसरलो नाही. बादली अर्धी झाली तेव्हा मारेन काचेचा पेला घेऊन आली. त्यांच्या घरची रीत अशी की नव्या हाताने काढलेलं पहिलं दूध घरची बाई पिते. तिने पेला बादलीत बुडवला, तिथंच उभ्याने सगळा प्याली, ओठावरचा फेस पुसला आणि म्हणाली, चांगलं आहे.

मी गोठ्यामागे गेलो आणि रडलो. चांगला मोकळा रडलो. त्या बाईला काय कळणार होतं! तिने नुसतं दूध प्यायलं होतं. माझा हात लागलेलं पाणीदेखील रोहण्यात कोणी प्यालेलं नव्हतं.

तिथली डेअरीही सांगण्यासारखी आहे. सकाळी प्रत्येक घराचे डबे रस्त्याच्या कडेला उभे असतात, गाडी येऊन घेऊन जाते. डेअरीत एक माणूस प्रत्येक डब्याचं झाकण काढतो, वास घेतो, पळीभर दूध चाखतो, आणि मग ओततो सगळ्यांचं एकाच टाकीत. येन्सचं शेजाऱ्याशी शेतातल्या पाण्याच्या एका चारीवरून भांडण होतं, दोघांचं कितीतरी वर्षं बोलणं नव्हतं. तरी दोघांचं दूध रोज त्या टाकीत एकत्र. मी येन्सला म्हटलं, हे कसं चालतं तुम्हाला? तो म्हणाला, भांडण माझं आहे, दुधाचं नाही. मी चाखायचंही तिथंच शिकलो. कोणत्या गाईने रानलसूण खाल्ली, कोणाचा डबा नीट धुतलेला नाही, हे जीभ लगेच सांगते.

छप्पन सालच्या शरदात नागपूरला बौद्ध धर्माची सामुदायिक दीक्षा झाली. आमची सगळी माणसं गेली, माय गेली, आणि मी युटलंडात बीट उपटत होतो. बातमी घरच्या वर्तमानपत्रातून उशिरा कळली. मी येन्सला सांगितलं, माझा धर्म बदलला. त्याने विचारलं, म्हणजे काय काय बदललं? मी म्हटलं, सगळं. मारेनने त्या दिवशी केक केला आणि मधोमध एक मेणबत्ती लावली.

सगळं, असं म्हणालो होतो मी. लिहून ठेवतो, पुढेमागे हसायला कामी येईल.

परत

गेलो तेव्हा आमचा जिल्हा मध्यप्रदेशात होता, आलो तेव्हा मुंबई राज्यात. पुलगावहून आर्वीकडे जाणारी छोटी गाडी मात्र पूर्वीच्याच चालीने चाललेली. उतरून घरी निघालो तर नाल्याकाठी एक मेलेला बैल पडलेला. फुगलेला, वर कावळे. आमच्या लोकांनी दीक्षेपासून मेलेली ढोरं ओढणं सोडलं होतं आणि गावानेही हट्ट धरला होता की आपणही हात लावायचा नाही. बैल बिचारा दोघांच्या मधे कुजत होता. मला खरं सांगायचं तर आनंद झाला. नाक दाबून का होईना, आनंद झाला.

माय दीक्षेचं पांढरं लुगडं नेसून दारात उभी. घरातले देव गेले होते, तिथली भिंत सारवून स्वच्छ केलेली. भाकर, अंबाडीची भाजी आणि तेलातलं तिखट असं जेवलो. जेवताना तिने माझा हात धरून उलटा केला आणि तळव्यावरून बोट फिरवलं.

"हे काय रे? बाबू लोकाचे हात असे असतेत का? घट्टे पडले."

"धारा काढून काढून पडले माय."

"खरंच का?" तिला इतकं कौतुक वाटलं की शेजारणीला बोलावून तिने माझे घट्टे दाखवले. मग हळूच म्हणाली, "मंग कवा पाजतं?"

मी म्हटलं, गावातून विकत आणून आजच पाजतो. ती म्हणाली, "विकतचं नोको. तुह्या हातचं." तेव्हा मी सांगितलं, कारंज्याला केंद्र सुरू झालं की तुला बोलावतो, तुझा गिलास तयार ठेव.

कारंजा

कारंजा नागपूर-अमरावतीच्या मोठ्या रस्त्यावर. ट्रक थांबतात, ढाब्यांच्या भट्ट्या पेटलेल्या, आणि मागच्या टेकड्यांत गवळ्यांची वस्ती. ते दुधाचा खवा आटवायचे, तूप करायचे. ताजं दूध बाहेर धाडायची कल्पना त्यांना नवी होती. रस्त्यालगत विहीर असलेलं टपरीवजा घर मला मिळालं. बर्फ कुठला, म्हणून विहिरीच्या पाण्याचं टाकं बांधलं, त्यात डबे उभे करायचे, वर ओलं पोतं, आणि सकाळच्या ट्रकने नागपूरला रवाना. पाटी मी स्वतः रंगवली.

गवळ्यांचा म्होरक्या गोमाजी. वयस्क, डोक्याला मोठं पागोटं, डोळे हसरे. त्याने पहिल्या दिवशी स्वतःचा डबा आणला आणि त्याच्या मागोमाग सगळे आले. मी झाकण काढलं, वास घेतला, पळीभर चाखलं आणि म्हटलं, यात काल रात्रीचं मिसळलं आहे. गोमाजी चाट पडला. मग मोठ्याने हसला. "अबे, हा साहेब त दुधाचा बाप निंगाला! याले फसवाल त पस्तावाल."

ते दिवस फार चांगले गेले. गोमाजीने मला घरी नेलं, गाई दाखवल्या. मी म्हटलं, मी काढतो धार. सगळी वस्ती पाहायला जमली. मी बसलो आणि डेन्मार्कात करायचो तसं सरळ सडाला हात घातला. गाय ढिम्म. थेंब नाही. गोमाजी म्हणाला, "असं नाई साहेब. पयले वासरू सोडा. त्याले पाह्यल्याबिगर ते पान्हा सोडत नाई." तिकडे वासरू जन्मताच आईपासून वेगळं करतात, गाय यंत्रालाही दूध देते. इथं वासराने दोन ढुशा दिल्या, गाईने त्याला चाटलं आणि मग माझ्या मुठीत धार आली. "विलायतचा साहेब धार काढून राह्यला!" असा एकच गिल्ला झाला. ते दूध गोमाजीच्या नातीने तिथंच गटागटा प्यायलं. त्यानंतर ओसरीवर मला जेवायला बसवलं, गोमाजीच्या बायकोने स्वतः खीर वाढली, पुन्हा पुन्हा आग्रह केला. खिरीवरून मला मारेन आठवली. मी ठरवलं, येत्या आठवड्यात मायला बोलवायचं.

जेवण झालं, सुपारी आली. गोमाजीचा एक म्हातारा काका बाजेवर बसला होता. तो सहज म्हणाला, "रोहण्याचे म्हणता, त कोनाकडचे? पाटलाकडचे का?"

आपल्याकडे हा प्रश्न पाणी विचारण्याआधी विचारतात. या लोकांनी इतके दिवस विचारला नव्हता, कारण अंगात कोट होता आणि मी समुद्रापलीकडून आलेलो. मी वरच्या जातीचाच, असं ते धरूनच चालले होते. आणि तिकडे मला दोन वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं, म्हणून असा प्रश्न असतो हे मी विसरून गेलो होतो. मी सुपारी चघळत सांगून टाकलं. पाटलाकडचा नाही, नाल्यापलीकडचा. बाप गावची मेलेली ढोरं ओढायचा. आता आम्ही बौद्ध आहोत.

 काका खोकला. गोमाजीच्या बायकोने पुढे केलेलं सुपारीचं तबक हळूच मागे घेतलं आणि ती आत गेली. गोमाजी म्हणाला, "चाला साहेब, ऊन झालं, पोचवून देतो." रस्त्याने तो माझ्याबरोबर केंद्रापर्यंत आला, पण तीन हात लांबून.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकही डबा नाही. रिकाम्या हाताने मात्र सगळे आले, एक एक करून, अगदी आदराने. "साहेब, आमची गाय आटली." दुसरा म्हणाला, त्याची लाथ मारून राह्यली. तिसऱ्याचं वासरू रात्री सुटून सगळं पिऊन गेलतं. काल भरल्या कासेच्या गाई आज एका रात्रीत आटल्या! त्यांच्यापैकी एकानेही माझ्यासाठी वाईट शब्द वापरला नाही. अस्पृश्यतेविरुद्ध कायदा झालाय हे त्यांना माहीत होतं, आणि मुळात माणसंही वाईट नव्हती. शिवी दिली असती तर मी भांडलो असतो. आटलेल्या गाईशी कोण भांडणार?

नंतर कानावर आलं की गोमाजीच्या घरची मी जेवलो ती पितळी भांडी आगीत तापवली, नातीला गोमूत्र पाजलं, आणि मी जिला हात लावला त्या गाईच्या अंगावरही गोमूत्र शिंपडलं. गाय शुद्ध करायला गाईचंच मूत! मी एकटाच बसून हसलो. मग हसू थांबेना आणि कधी रडायला लागलो ते कळलं नाही.

चार-पाच दिवसांनी गोमाजी आला. पागोटं हातात, नजर जमिनीवर.

"साहेब, तुमी आमाले फसवलं नाई. आमीच इचारलं नाई. माह्या मनात काई नाई, पन जातीत राहा लागते."

"मग मी काय करू गोमाजी?"

"मी काय सांगू बाप्पा तुमाले." एवढं बोलून तो तसाच उभा राहिला. त्याला जाताही येईना.

नागपूरहून आमचे वरचे अधिकारी आले. भला माणूस, खादी घालणारा, माझ्याबरोबर एका ताटात जेवलेला. त्यांनी रिकामं टाकं पाहिलं आणि सुस्कारा टाकला. मी म्हटलं, तक्रार करू. ते म्हणाले, कर, मी सही देतो, कायदा आपल्या बाजूने आहे. पण कायद्याने शिक्षा होते, दूध येत नाही. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अरे, तू शिकलेला माणूस. डब्यात हात घालायची तुला गरजच काय? एक माणूस ठेव त्यांच्यातला. तू लांब खुर्ची टाकून बस, देखरेख कर. केंद्र चालल्याशी मतलब. तू नापास झालास तर तुमच्यातल्या पुढच्या पोराला परदेशी कोण पाठवील, सांग."

  त्या पुढच्या पोराने मला हरवलं. मी हो म्हटलं.

गोमाजीचा पुतण्या बबन नोकरीला ठेवला. चांगला तिशीतला गडी. माझी खुर्ची बाहेर कडूनिंबाखाली मांडली. आणि काय सांगू, त्याच सकाळी कारंज्यातल्या सगळ्या गाईंना पुन्हा पान्हा फुटला! डब्यांची रांग लागली. लोक येताना मला लांबून "राम राम साहेब" म्हणायचे. बबन तंबाखू मळलेल्या हाताने डब्यात पळी घालायचा. मी ओरडायचो, हात धू रे. तो हसून धोतराला पुसायचा. त्याला चाखायला शिकवावं म्हटलं तर चाखून दाखवायची सोय नाही. "आंबट म्हणजे कसं साहेब?" असं तो विचारायचा आणि मी निंबाखालून तोंड वेडंवाकडं करून दाखवायचो. वाऱ्यावर एखाद्या डब्याचा वास आला की मला खुर्चीत कळायचं, हा बिघडलेला आहे. तोवर बबनने तो ओतलेला असायचा.

केंद्र चाललं. उत्तम चाललं. नागपूरला नाव झालं, अधिकाऱ्यांनी पाठ थोपटली, केंद्र कायम होणार असं ठरलं. मी सकाळी खुर्चीत बसायचो, दुपारी खुर्चीतून उठायचो. येन्सने माझे हात धरून जे शिकवलं होतं ते सगळं मी मांडीवर ठेवून बसत होतो. मरावंसं वाटायचं, असं म्हणत नाही. पण सकाळी उठावंसं वाटत नसे.

मायला मी बोलावलं नव्हतं. दर वेळी म्हणायचो, पुढच्या महिन्यात. शेवटी एका सकाळी ती आपली आपणच मोटारीतून उतरली. नवं पांढरं लुगडं, आणि हातात फडक्यात गुंडाळलेला पितळेचा गिलास. घासून सोन्यासारखा केलेला. दुसऱ्याच्या गावी जाताना आपलं भांडं आपण न्यायचं, ही तिची जन्माची सवय. डबे उतरवायची वेळ होती, गवळी जमलेले, गोमाजीही होता.

"हेच का तुहं केंद्र?" पाटीकडे पाहून ती हरखली. "एवढं दूध! सारं तुहं?" फडकं सोडून तिने गिलास काढला आणि माझ्यापुढे धरला. "घे. पाज आता."

मी खुर्चीवरून उठलो. टाक्यापर्यंत दहा-बारा पावलं असतील.  बबन पळी हातात घेऊन डब्यासमोर उभा राहिला. त्याने मला अडवलं नाही, नुसता उभा राहिला. मी एक पाऊल टाकलं आणि थांबलो. गिलास बुडवला की आजचं दूध गेलं, उद्या गाई आटणार, केंद्र बंद, आणि तो पुढचा पोरगा रोहण्यात राहणार. मायने माझ्याकडे पाहिलं, मग निंबाखालच्या खुर्चीकडे पाहिलं, मग बबनकडे. तिला कोणी काही सांगितलं नाही. आयुष्यभर ती हेच तर वाचत आली होती.

गोमाजीला राहवलं नाही. तो आपला डबा घेऊन पुढे आला. "माय, मी देतो. धरा गिलास." आणि त्याने डबा उंच उचलला, वरून ओतायला, गिलासाला लागू नये असा. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी पाहिलं. तरी डबा उंचच होता.

मायने गिलासावर तळहात झाकला.

"नाई बापा. मले दूध पचत नाई आता. वय झालं."

आवाज अगदी गोड, आदराचा. आमची गाय आटली म्हणणाऱ्यांचा होता तसाच. मग तिने गिलास पुन्हा फडक्यात गुंडाळला, गाठ मारली आणि निंबाखाली माझ्या खुर्चीच्या पायाशी बसली. रोहण्याच्या गोष्टी सांगितल्या. नाल्याकाठची ढोरं आता गाव स्वतःच ओढतं म्हणाली. दुधाचं नाव काढलं नाही.

दुपारच्या मोटारीत मी तिला बसवून दिलं. खिडकीतून तिने माझा हात हातात घेतला, उलटा केला आणि तळव्यावरून बोट फिरवलं.

"मऊ झाले रे हात," ती म्हणाली. "बाबू लोकावानी."